सोनवणे काकांच्या मोपेडचा ब्रेक

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आई दृष्ट काढायची तेव्हा मिरच्यांचा ठसका का लागत नाही, याची शास्त्रीय कारणं तिला ऐकवणारा मी माणूस. तरी हे लिहायला दोन वर्षं लागली... भीतीमुळे नाही, लाजेमुळे.

मी ओहायोतल्या डब्लिनला राहतो. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा पगार घेतो. शनिवारी मात्र एका जुन्या टू-व्हीलरच्या दुकानात हौसेने जातो. मालक रॉन सत्तरीचा. त्याचे गुडघे गेल्यापासून मोपेडची तपासणी माझ्याकडे आली. नंबर प्लेट हवी तर आधी तपासणीचा कागद लागतो — दिवे, हॉर्न, टायर, ब्रेक, प्रत्येकासमोर टिक आणि खाली सही. पांढरा कागद गाडीवाल्याला, त्याखालची पिवळी कार्बन कॉपी दुकानाच्या फाइलला.

सोनवणे काका म्हणजे आमच्या शेजारच्या स्वातीचे वडील. कराडकडचे. एसटीच्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिक, शेवटी फोरमन. काकू गेल्यावर लेकीकडे आले आणि अडकले. कार चालवायला स्वाती देईना, लायब्ररीत जायचं तरी तिची मीटिंग संपायची वाट बघत बसायचं. मग त्यांनी कोणाच्या तरी गॅरेजमधून सत्तरच्या दशकातली मोपेड मिळवली आणि उन्हाळाभर खपून चालू केली. इतका खुश झालेला म्हातारा मी फार दिवसांनी बघितला.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी गाडी दुकानात आणून ठेवली. शनिवारी सकाळी पेढे घेऊन हजर. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि पूजा प्लेट लावलेल्या गाडीचीच करायची हा त्यांचा हट्ट. प्लेटचं ऑफिस बारालाच बंद होणार, म्हणून स्वाती बाहेर कार चालू ठेवून बसलेली. मी दिवे बघितले, हॉर्न वाजवला, टायर दाबले. ब्रेकच्या ओळीवर आलो, तर काका समोर उभे. आता तुम्हीच सांगा — ज्या माणसाने तीस वर्षं एसटीचे ब्रेक बघून गाड्या घाटात पाठवल्या, त्याच्या देखत त्याच्याच मोपेडचा ब्रेक मी दाबून बघायचा? त्यांनी काय बघितला नसेल? मला ते उद्धटपणाचं वाटलं. टिक केली, सही ठोकली आणि पेढा तोंडात टाकला.

भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही.

रविवारी पूजा झाली. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं, नारळ मीच फोडला.

मंगळवारी सकाळी दहा ते अकरा मी ऑफिसच्या कॉन्फरन्स रूममध्ये अकरा जणांसमोर बोलत होतो. हे मुद्दाम सांगतोय, लक्षात ठेवा. बाहेर आलो तर काकांचे तीन मिस्ड कॉल. फोन लावला.

"गाडी ढकलत घरी आणली बाबा," काका म्हणाले. "भिंग घेऊन बघितलं. मागच्या ब्रेकच्या केबलचे दोनच धागे उरलेत. पुढचा तर तेलाने माखलाय, असून नसल्यासारखा. बरं झालं तू अडवलंस."

"कुठे?" माझ्या तोंडून गेलं.

काका जरा थांबले. मग त्यांनी सांगितलं ते असं. लायब्ररीच्या वाटेवर नदीकडे उतार सुरू होतो, तिथे साडेदहाच्या सुमारास मी कडेला उभा होतो, दुकानातला निळा एप्रन घालून. हात दाखवून मी त्यांना थांबवलं. ब्रेक दाबायला लावला, तर लिव्हर थेट हँडलला टेकली. मग मी त्यांच्या खिशातला तपासणीचा कागद मागून घेतला, काहीतरी खोडलं आणि परत दिला. त्या उताराच्या तळाशी सिग्नल आहे. तिथून ट्रक जातात.

खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "हो हो, काका. काळजी घ्या."

संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन कागद बघितला. ब्रेकसमोरची टिक दोन आडव्या रेघांनी खोडलेली, आणि शेजारी माझी सही. माझ्या सहीला शेवटी एक वाकडी शेपटी असते, ती माझ्या मुलांनाही जमत नाही. ती तशीच होती. शनिवारी दुकानात जाऊन पिवळी कॉपी काढली... तिच्यावर टिक जशीच्या तशी. एप्रन खिळ्याला. दुकान मंगळवारी बंदच असतं, आणि किल्ली रॉनकडे.

इथवर विचित्र. लाजिरवाणं यापुढे आहे.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला काकांनी मला स्टेजवर बोलावलं. शंभरेक माणसांसमोर सगळं सांगितलं, शाल घातली आणि माइक माझ्या हातात दिला. म्हणाले, "बोल, काय झालं ते." खाली स्वाती डोळे पुसत होती. मी म्हणालो, यात काय, ते तर माझं कर्तव्यच होतं. टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या.

ती शाल कपाटात दिसली की जेवण जाईना. जानेवारीत, बर्फ पडत असताना, शाल आणि पिवळा कागद घेऊन काकांकडे गेलो. ते चहा टाकत होते. मी सगळं सांगितलं. ब्रेकला हातसुद्धा लावला नव्हता हेही.

काकांनी गॅस बारीक केला. "डेपोत ज्याने काम केलं, त्याने गाडी पास करायची नाही, असा आमचा नियम. माझ्या डोळ्यांना आता बारीक धागे दिसत नाहीत. म्हणून तर तुझ्याकडे आणली. त्या दिवशी तू ब्रेक दाबला नाहीस, तेव्हा वाटलं, रात्रीच बघून ठेवला असशील."

"आणि तो... उतारावरचा?"

"तो तू नव्हतास हे मला फोनवरच कळलं. तू विचारलंस, 'कुठे?' अडवणाऱ्याला माहीत नसतं का, कुठे ते?"

"मग मला स्टेजवर का बोलावलंत, काका?"

"म्हटलं, तिथे तरी सांगशील."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला चहा दिला, आणि शाल परत घेतली नाही.

मोपेडला आता नवीन केबल आहे, पुढचा ब्रेकही नवा आहे. दर वसंतात काका ती दुकानात आणतात आणि त्यांच्या देखत मी दोन्ही ब्रेक तीन-तीनदा दाबून बघतो. तो कोण होता, माझी सही त्याला कशी आली, याचं उत्तर माझ्याकडे नाही, काकांकडेही नाही. ऑफिसला जाताना तो उतार लागतो. सगळे विचारतील की भीती वाटते का. भीती नाही वाटत. तिथे आलो की मी सरळ समोर बघतो, कडेला बघतच नाही... तो उभा असला, तर त्याच्या नजरेला नजर देता येणार नाही.