सोलर दिवे आणि बाईंच्या कुरडया

“मॅडम, ऊन तं माणसाले भाजून राहिलं, अन तुमचे दिवे काहून लागून नाही राहिले?”

दर्यापूरहून बाईंचा फोन. बाई म्हणजे माझ्या क्लायंट, निवृत्त मुख्याध्यापिका. आवाज अजून शाळेतलाच. मी अमरावतीत बागा लावून देण्याचं काम करते, पण त्या क्षणी मला वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटलं.

त्या वर्षांत कापसानं सगळ्यांचंच कंबरडं मोडलं होतं. बाजारात पैसा नाही म्हटल्यावर शोभेच्या बागा कोण लावणार? त्यामुळे बाईंची बागेतल्या दिव्यांची ऑर्डर मोलाची होती. पण ऑर्डरपेक्षा त्यामागचं कारण माझ्या मनात बसलं होतं. बाईंचे यजमान, मी त्यांना काका म्हणायचे, पोस्टातून निवृत्त झालेले. बागेच्या टोकाला कडुनिंबाखाली बुद्धांची लहानशी मूर्ती होती. काका रोज दिवेलागणीला तिथं वंदनेला जात. नजर मंदावली, लोडशेडिंगच्या अंधारात एकदा वाफ्याच्या विटांना अडखळून पडले, आणि त्यांनी जाणंच सोडलं.

“हात धरून नेते म्हटलं तं येत नाही,” बाई म्हणाल्या होत्या. “म्हणे, मी काय लहान लेकरू हावो? मले फक्त एवढं पाह्यजे, बुद्धपौर्णिमेले ते आपल्या पायानं तिथं गेले पाह्यजे.”

मी अकोल्याहून सोलर दिव्यांचे नमुने आणले. दुकानदार रफिकभाईंनी आधी रंग बदलणारी दिव्यांची फुलं पुढं केली. “मॅडम, ये लगाव, शादी का मंडप दिखेगा.” मंडप कोणाला हवा होता? फुलं परत केली. वर उजेड फेकणारे काचेचे दिवे नेले, तर काकांनी डोळ्यावर हात धरला. “हा तं डोयातच घुसून राहिला!” शेवटी छत्रीच्या आकाराचे बुटके दिवे पसंत पडले. उजेड पिवळसर, आणि खाली जमिनीवरच पडणारा. विटांची कड नीट दिसायची, डोळ्याला त्रास नाही.

अशा दिव्याच्या डोक्यावर छोटं पॅनल असतं. ते दिवसभर ऊन खातं, बॅटरी भरतं. अंधार पडला की सेन्सर दिवा लावतो. म्हणून ऊन सगळ्यात महत्त्वाचं. मूर्तीकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन कडांपैकी दिवसभर ऊन असणारी कड मी निवडली, ओळीनं दिवे रोवले आणि ऐटीत घरी आले.

आणि मग हा फोन. संध्याकाळी जाऊन पाहिलं, तर स्विच चालू, सेन्सर ठीक, पॅनल स्वच्छ. दिवे मात्र ढिम्म. एक उपटून अमरावतीला आणला, गच्चीवर ठेवला. तो झकास लागला! मग दर्यापूरचं ऊन जातं कुठं? पौर्णिमा तोंडावर आलेली. पुढच्या खेपेला मी न सांगता भर दुपारी जाऊन धडकले.

दिवे दिसेचनात. होतं ते लांबलचक जुनं लुगडं, दिव्यांच्या डोक्यांवरून सगळ्या कडेवर पसरलेलं. त्याच्या काठाला गाठी मारून ते दिव्यांच्या मानांना घट्ट बांधलेलं. वर पांढऱ्याशुभ्र कुरडया. शेजारी खुर्चीत काका, हातात काठी.

“बाई, हे काय?”

“कुरडया. गच्चीवर वांदरं ठेवत नाही न! अन तुमीच तं म्हटलं, इथं दिवसभर ऊन राह्यते.” वर शाबासकीही दिली. “तुमच्या खुंट्या मजबूत हायेत बरं!”

मी तिथंच विटांवर बसून हसत सुटले. संध्याकाळी लुगडं आवरलं जायचं, म्हणून मागच्या खेपेला काही दिसलं नव्हतं. पॅनल काय खातं ते सांगितलं, तेव्हा बाईंनी वाकून लुगड्याखाली पाहिलं. मग त्याही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. “म्हणजे दिव्यायचं जेवण आमच्या कुरडयांनीच खाल्लं!”

आम्ही लुगडं सोडलं. वाळवणासाठी खाट टाकली, पार टोकाला, मूर्तीच्या अलीकडे, कडुनिंबाची सावली चुकवून. जागा बाईंनीच दाखवली. इतक्या लांब कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, “राहू द्या न.”

उरलेलं दुपारचं ऊन पुरलं. अंधारू लागलं आणि एकेक करत सगळी ओळ उजळली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तेवढ्यात बाई ओसरीवरून ओरडल्या, “अवो, कुरडया बाहेरच राह्यल्या! माह्या हाताले पीठ हाय, तुमीच आना!”

बाईंचे हात कोरडे ठणठणीत होते.

काका उठले. पहिल्या दिव्यापाशी थांबले, विटांची कड पाहिली आणि चालू लागले. काठीही घेतली नाही. खाटेपर्यंत गेले, तिच्या पुढंही गेले. थोड्या वेळानं कडुनिंबाखालून वंदनेचे संथ सूर आले.

बाई खांबाला टेकून ऐकत राहिल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, “पाहा, कुरडया इसरलेच.”

पौर्णिमेला काका पाहुण्यांच्या पुढं चालत गेले. मला पिशवीभर कुरडया मिळाल्या. आता नवीन साइटवर गेले की बागेत ऊन कुठं पडतं हे मी माझं पाहून घेते. घरच्यांना एवढंच विचारते, वाळवण कुठं घालता?