दादांचा रस्ता आणि ताकाचा पेला

जगातले लोक देवावर, नशिबावर, गेला बाजार बायकोवर तरी भरवसा ठेवतात. आमच्या मेव्हण्यांचा, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या दादांचा, कशावरच भरवसा नाही. रस्त्यावर तर मुळीच नाही. गंमत म्हणजे जन्मभर त्यांनी रस्ताच केला. मुलुंडच्या पलीकडे डोंगराच्या उतारावर एक दगडखाण आहे. तिच्या फाटकापासून वर खाणीपर्यंत डंपर जातात-येतात, तो वळणावळणाचा कच्चा रस्ता दादांच्या ताब्यात होता. मुरूम टाकायचा, रोलर फिरवायचा, पाणी मारून धूळ बसवायची, दरीच्या बाजूला मातीचा बांध घालायचा, आणि एवढं सगळं करून संध्याकाळी घरी आल्यावर "उद्यापर्यंत ऱ्हवता की नाय, कोणाक ठावक" म्हणत पानावर बसायचं. पाण्यावर तर त्यांचा खास राग. "पाणी म्हणजे चोर, जावयबापू," ते मला सांगत, "गटार नाय दिलास तर अख्खो रस्तो घेवन जातला." आमच्याकडे नळ जरा ठिबकला तरी त्यांचा घास अडायचा.

रस्ता तपासायची त्यांची रीत जगावेगळी होती. रोज सकाळी ते काठोकाठ भरलेला ताकाचा पेला जीपच्या पुढच्या फळीवर फडक्यात खोचून ठेवत आणि खाणीपर्यंत चक्कर मारत. जिथे ताक सांडेल तिथे रोलर. हा पेला बरोबर त्यांच्या मांडीवर कलंडायचा, त्यामुळे आमच्या वहिनी धुवायला आलेल्या पँटीवरूनच रस्त्याची तब्येत ओळखत. "आज वाट लागलेली दिसते वरच्या वळणाची," असं त्या साबण लावता लावता सांगायच्या, आणि ते खरं असायचं.

खाणीतला दुसरा कायदा म्हणजे भरलेली गाडी आधी. रिकामीनं डोंगराच्या अंगाला दबून थांबायचं. हा कायदा दादा सगळीकडे चालवत. आमच्या जिन्यात कोणी भाजीची पिशवी घेऊन येताना दिसलं की हे भिंतीला पाठ लावून उभे. घाटकोपरला एका लग्नात तर त्यांनी हॉलच्या पायरीवर नवरदेवालाच हात आडवा घातला, कारण समोरून दोन आचारी रश्शाचं पातेलं घेऊन उतरत होते. "नवरो रिकामो हा, थांबंदे तेका!" वाजंत्री थांबली, करवल्या थांबल्या, पातेलं सुखरूप गेलं. माझी बायको त्या दिवशी मला ओळख दाखवत नव्हती, का तर मी हसलो.

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीनं, खाणीच्या वजनकाट्यावर बसून कंटाळा आला म्हणून, मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं आणि डंपर चालवणार असं जाहीर केलं. दादांनी जेवण सोडलं. रस्ता कसा वाईट आहे, कडा कशी ठिसूळ आहे, हे त्यांनी तिला इतकं रंगवून सांगितलं की पुढचे दोन दिवस मी आमचा जिनासुद्धा कठडा धरून उतरलो. पोरगी शांतपणे म्हणाली, "बाबा, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना त्याच रस्त्यानं पाठवलंस ना? मग मला का नाय?"

पुढचे कितीतरी दिवस रोलरला उसंत नव्हती. बांध उंच झाला, वळण रुंद झालं, पँटी कोरड्या येऊ लागल्या, आणि तरीही दादा वाळत चालले होते.

ती पहिल्यांदा भरलेला डंपर खाली आणणार होती त्या सकाळी बायकोनं मला पिटाळलं, "दादाला एकटं सोडू नका." दादांनी फाटकाशी थांबायचं कबूल केलं होतं. प्रत्यक्षात त्यांनी माझ्या डोक्यावर हेल्मेट घातलं, मला स्कूटरवर मागे बसवलं आणि निघाले. या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे, ही पाटी त्यांनीच लावलेली. वरच्या वळणाखाली डंपरचा हॉर्न ऐकू आला. दादांनी स्कूटर डोंगराला भिडवली आणि आम्ही दोघं दगडाला चिकटून उभे राहिलो. माझा दंड त्यांनी असा धरला होता की वळ उठले. डंपर समोरून हळूहळू, धूळही न उडवता गेला. पोरीची मान सरळ.

"बघल्यान नाय माझ्याकडे," दादा म्हणाले. गाडी चालवताना बापाकडे बघायचं नाही, रस्त्याकडे बघायचं, हे त्यांनीच तिला शिकवलेलं. तरी त्यांना लागलं असावं.

खाली पोचल्यावर दादा केबिनवर चढले. पुढच्या फळीवर फडक्यात खोचलेला ताकाचा पेला होता. घरातलाच. पेला जरासा उणा होता, फडकं ओलं. दादांमधला मुकादम लगेच जागा झाला. "खंय सांडला? खंयच्या वळणार?"

"तू उभा होतास ना," ती म्हणाली, "तिथंच."

दादांनी पेला फडक्यातून काढला. मग उरलेलं ताक पिऊन टाकलं.

आता ते निवृत्त झालेत. रस्ता दुसऱ्या कोणाच्या ताब्यात आहे, आणि त्या दुसऱ्यावर अर्थातच त्यांचा भरवसा नाही. खाणीचे डंपर आमच्या इमारतीसमोरून हायवेला लागतात म्हणून ते बऱ्याच दुपारी आमच्या गॅलरीत येऊन बसतात. माझी बायको त्यांना ताक देते. ते पेला कठड्यावर ठेवतात आणि रस्त्याकडे बघत राहतात. आम्ही कितीही आग्रह केला तरी तोंडाला लावत नाहीत. तिचा डंपर समोरून गेला की मगच पितात. एखाद्या दिवशी तिला उशीर होतो. त्या दिवशी आम्ही तिघंही गॅलरीत उभे असतो आणि पेला कठड्यावर तसाच असतो.