परत यायची हौस

जगात कुणाला कुठेकुठे जायची हौस असते. माझ्या मोठ्या काकांना फक्त परत यायची. आमच्या गावाहून, निघोज्याहून, कुठेही गेले तरी पोहोचल्याबरोबर पहिला प्रश्न, "माघारी गाडी कितीला?" मी नोकरीसाठी माण गावी राहायला गेले तेव्हा माझी खोली बघायला आले, आणि चप्पल काढण्याआधी हेच विचारलं. चहाही पिशवी मांडीवर ठेवूनच प्यायले. पूर्वी चाकणच्या कंपनीत असताना जेवणाच्या सुट्टीत सायकल मारत शेतावर जात, बांधावर उभे राहत आणि उपाशीच परत कामाला लागत. बांधावर नजर ठेवणं भागच होतं. पलीकडचं वावर माझ्या वडिलांचं, आणि दोघा भावांत त्या बांधावरून कोर्टात दावा चालू. "मी चार दिस न्हाई म्हणलं की तुझा बाप नांगर आत घालतोय बघ," असं ते मला सांगतात, तेही आमच्याच ओसरीवर बसून, आईच्या हातचे पोहे खाताना. हे भांडण आहे की माया, मला आजवर कळलेलं नाही, आणि विचारायचा धीरही झालेला नाही.

अशा माणसाला परदेशी जावं लागलं. ताईला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, तिकडे बाळ झालं होतं. माझं ऑफिस मला त्याच शहरात कामाला पाठवत होतं, म्हणून सोबतीला मी. विमानतळावर सोडायला वडील आले. "दादा, बिनघोर जा," ते म्हणाले. त्याने काकांना आणखीच घोर लागला.

उतरल्यावर तपासणीच्या खिडकीशी अधिकाऱ्याने माझा कामाचा व्हिसा बघून लगेच शिक्का मारला. काकांपाशी मात्र तो अडला. हे गृहस्थ परत जातील कशावरून, त्याने मला विचारलं. मी मराठीत सांगितलं.

"म्हंजी?" काका गोंधळले. "परत न्हाई तर कुठं जाणार?"

मी परतीचं तिकीट दाखवलं. त्याचं समाधान होईना. घरी बायको? "वारली." मुलं? "एकच लेक. ती हितं, भाईर उभी हाय की!" नोकरी? "सुटली." एकेका खऱ्या उत्तराबरोबर त्याचा चेहरा ताठ होत गेला. बाळाचं तोंडही न बघता काकांना इथूनच परत धाडतील, या भीतीने मी परतीचं तिकीट पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं.

"दावा चालू हाय म्हणावं," काका एकदम म्हणाले. "सख्ख्या भावाशी. मी न्हाई गेलो तर बांध गेला!"

मी जमेल तसं सांगितलं. "हा भाऊ कोण?" त्याने विचारलं.

"माझे वडील."

"मग तुम्ही यांच्याबरोबर कशा?"

"वडिलांनीच पाठवलं."

त्याने आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहिलं. त्याच्याही गावी बांध असावेत, कोण जाणे. शिक्का पडला.

गाडीत बाळाशेजारी बसल्यावर काकांनी हळूच विचारलं, "ह्याचा पासपोर्ट कुठला गं?"

"इथलाच."

"म्हंजी निघोज्याला यायचं तर ह्यालाबी व्हिसा?"

"हो."

"आन् माघारी जाणार का, त्येबी इचारणार?"

मी मान डोलावली. काकांनी ती इवलीशी मूठ बोटात धरली. मग बाळाच्या कानाशी वाकले. "म्हणावं, न्हाई जात."

"काय म्हणताय आबा?" ताईने पुढून विचारलं.

"काय न्हाई. थंडी हाय म्हणलो."