गळती निरंक

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलाच होतो. मे महिन्याचा शेवट, दुपारची वेळ. वारज्यात आमच्या घरासमोर मोटारसायकलची चेन साफ करत बसलो होतो आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो. निवृत्तीनंतरचा पाचवा पावसाळा तोंडावर आलेला आणि या गृहस्थाचा रेनकोट अजून ठरलेला नव्हता. फोनवर त्याचं नाव दिसलं म्हणून मी तिरकसच सुरुवात केली, "हां, बोला साहेब, आता काय बाकी राहिलंय?" पलीकडून वहिनी बोलत होत्या. "दत्ताभाऊ, हे गेले हो. जेवून जरा आडवे झाले होते..." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. हातातलं काळं फडकं तसंच धरून मी उभा होतो. आता सहा आठवडे झाले. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं आठवावं. मी प्रयत्न करतो, पण आधी राग येतो आणि मग बाकीचं येतं. त्याच क्रमाने लिहितो.

पाटबंधारे खात्यात आम्ही दोघं एकाच आठवड्यात लागलो. तो कनिष्ठ अभियंता, मी आरेखक. मी टेबलावर वाकून नकाशे काढायचो आणि तो धरणांच्या पोटात उतरायचा. धरणाच्या भिंतीत आतून एक बोगदा असतो, तिथे झिरपून आलेलं पाणी मोजतात. मिलिंदचं निम्मं आयुष्य त्या बोगद्यात बॅटरी घेऊन गळती मोजण्यात गेलं. सरकारी कागदावर एखाद्या रकान्यात लिहिण्यासारखं काही नसेल तर तो मोकळा सोडत नाहीत, तिथे 'निरंक' लिहितात. बाकीच्यांचे अहवाल निरंकने भरलेले असायचे. मिलिंदच्या अहवालात गळतीच्या रकान्यात हा शब्द मी कधी पाहिला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "धरण म्हटलं की थोडं गळणारच. निरंक लिहिणारा एक तर खोटं बोलतो, नाहीतर आत उतरलेला नसतो." वरिष्ठ वैतागायचे, पण त्याच्या आकड्यावर शंका घेण्याची कुणाची टाप नव्हती. घरी जेवायला आला तरी तेच. माझी आई पोह्यांची बशी पुढे ठेवायची आणि हा एकेक शेंगदाणा निरखून खायचा. आई म्हणायची, "ह्याला भूक हाय का तपासणीला आलाय त्यो?"

नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी आम्हा दोघांना कोकणातल्या एका धरणावर जायचं होतं. ऐन आषाढ होता. माझी शंभर सीसीची गाडी, मागे मिलिंद, आणि अंगावर खताच्या गोण्यांचं प्लास्टिक कापून केलेले झगे. ताम्हिणी घाट लागेपर्यंत दोघं आतून बाहेरून चिंब. मिलिंदने गळतीची नोंदवही शर्टाच्या आत पोटाशी धरली होती, ती भिजून तिचा लगदा झाला. घाटातल्या एका चहाच्या टपरीवर त्याने ती उघडली, निळी शाई सगळीकडे पसरलेली. आम्ही तिथूनच परत फिरलो आणि चार दिवस तापाने पडून राहिलो. तापातून उठल्यावर त्याने मला ऐकवलं, "दत्ता, हा रस्ता पुरा करायचा. थेट सावंतवाडीपर्यंत, आषाढातच. पण कोरडं राहून." पुढे संसार, बदल्या, मुलांची शिक्षणं... रस्ता तिथेच राहिला. निवृत्त झालो त्या दिवशी सत्काराचा नारळ हातात घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आता जायचं. आधी रेनकोट बघू."

या 'आधी रेनकोट बघू'ने माझी चार वर्षं खाल्ली. मला वाटलं होतं, एखादा दिवस दुकानं फिरू, घेऊ आणि निघू. पण साहेबांचं डोकं धरणाचं. एकसंध सूट कमरेत गळत नाही, पण रस्त्याच्या कडेला एका पायावर नाचत कोण घालणार? दोन तुकड्यांचा घालायला सोपा, पण गाडीवर वाकलं की पाठीवरून पाणी आत. जाड रेक्झिनचा घेतला तर बाहेरून कोरडे आणि आत घामाने चिंब, मग पाऊस काय वाईट होता? शिवण म्हणजे सुईने पाडलेली भोकं, ती आतून पट्टी चिकटवून बुजवलेली हवीत. बाही हातमोज्याच्या वरून आली पाहिजे, म्हणजे मनगटावरचं पाणी मोज्यात उतरत नाही. रंग पिवळा हवा, ट्रकवाल्याला दिसला पाहिजे. सगळं पटण्यासारखं होतं, हेच तर दुखणं होतं. दुकानात तो रेनकोट उलटा करून शिवण उजेडाकडे धरायचा आणि विक्रेत्याला विचारायचा, "वॉटरप्रूफ म्हणजे किती तास?" एका दुकानदाराने चष्म्यावरून बघत उत्तर दिलं, "इथून आपल्या घरापर्यंत." कसबा पेठेत ताडपत्री शिवणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे आम्ही तीन रेनकोटांच्या शिवणी बुजवायला नेल्या. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "अहो, आपल्याला रेनकोट नकोय. आपल्याला तंबू हवाय. बसा आत, गाडीसकट." मी हसलो. मिलिंदने मात्र तंबूच्या कापडाची चौकशी केली.

विकत घेतलेल्या प्रत्येक रेनकोटाची चाचणी व्हायची. विश्रांतवाडीतल्या त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मधल्या स्टँडवर लावायची, मिलिंद पूर्ण पोशाखात, हेल्मेट घालून, हँडल धरून बसणार आणि वहिनी समोरून नळीने पाणी मारणार. वरून नाही, समोरून. धावत्या गाडीवर पाऊस समोरून येतो. बसलेल्या माणसाच्या मांडीत पाण्याचं तळं साचतं आणि बहुतेक रेनकोट तिथेच दगा देतात, म्हणून पँटच्या आत तो वर्तमानपत्राची घडी ठेवायचा. अर्ध्या तासाने घडी बाहेर काढून तिच्यावर पेन्सिलीने शेरा. 'गळती : मधल्या शिवणीतून, रुपयाएवढी.' 'गळती : चेनमधून, सतत.' खाली सही. नापास झालेला रेनकोट लगेच कुणालातरी देऊन टाकायचा. सोसायटीचा वॉचमन, दूधवाले, इस्त्रीवाले, निम्मी विश्रांतवाडी त्याच्या नापास रेनकोटात फिरत होती आणि मजेत होती. मी एकदा चिडून म्हणालो, "अरे, धरण गळलेलं तुला चालतं आणि रेनकोट नाही?" तो शांतपणे म्हणाला, "धरणाला सर्दी होत नाही."

पहिल्या दोन पावसाळ्यांत मला याची गंमतही वाटायची. तिसऱ्या पावसाळ्यापासून नुसता संताप. चाचण्या बंद झाल्या होत्या आणि कारणं मात्र नवी यायची. अमुक कापड बाजारात यायचंय, तमुक रेनकोटाची उंची कमी पडते, या वर्षी दरडी फार कोसळतात. त्याच्या गॅलरीत खिळ्याला एक पिवळा रेनकोट टांगलेला असायचा. मी विचारलं तर म्हणाला, "तो नापास." मग तो कुणाला दिला का नाहीस, हे विचारायचं मला सुचलं नाही. इतकं साधं सुचलं नाही... मेच्या सुरुवातीला मी ठरवूनच त्याच्याकडे गेलो. म्हटलं, "मिलिंद, यंदा हो की नाही ते सांग." तो म्हणाला, "थांब रे जरा, एक नवीन प्रकार आलाय, बघून घेऊ." मग माझा तोल गेला. मी म्हणालो, "तू नको येऊस. तू बस इथे गॅलरीत बादली लावून आणि मोजत बस थेंब. मी एकटा जातो." वहिनी आतून म्हणाल्या, "दत्ताभाऊ, चहा ठेवलाय." मी न घेता जिना उतरलो. त्याच्याशी झालेलं माझं हे शेवटचं बोलणं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आत बसवत नव्हतं. रेनकोट तिथेच होता. हात लावून बघितला तर शिवणींना आतून पट्टी, बाहीला दुहेरी कफ, चेनवर दोन पदर. नापास व्हायला याला झालंय काय, असं मनात आलं आणि मी खिसे चाचपले. पँटच्या खिशात वर्तमानपत्राची घडी होती. कागद पिवळा पडलेला, पण कुरकुरीत कोरडा, पाण्याचा एक डाग नाही. त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं : 'गळती : निरंक.' खाली सही. त्याच्याखाली, 'प्रत्यक्ष रस्त्यावर पडताळणी :' आणि पुढे कोरी जागा. वर्तमानपत्र तीन वर्षांपूर्वीच्या आषाढातलं होतं.

मी ते घेऊन आत गेलो आणि वहिनींच्या समोर धरलं. त्यांनी एकदा बघितलं आणि पदराने चष्मा पुसला. "त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "हृदय कमजोर झालंय, गाडीवर लांब जायचं नाही. घाटात आणि पावसात तर नाहीच." मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला होता, दुःखाच्या घरात चढू नये इतका. वहिनी म्हणाल्या, "मी खूपदा म्हटलं, सांगून टाका. तर म्हणायचे, त्याला कळलं की तो माझ्याशी मऊ बोलायला लागेल. ते मला सोसायचं नाही." मग म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी चहा न घेता गेलात ना, हे हसत बसले होते. मला म्हणाले, अजून ओरडतोय म्हणजे त्याला काही कळलेलं नाही. आण तो चहा, त्याचाही मीच घेतो."

मला काय वाटलं ते सांगतो. मला त्याचा भयंकर राग आला. आणि माझाही. जन्मभर ज्या माणसाने खोटा शेरा मारला नाही, तो दोन पावसाळे माझ्यासमोर बसून धडधडीत खोटं बोलत होता आणि मी, नकाशावरची केसाएवढी चूक पकडणारा, त्याचा उतरलेला चेहरा बघू शकलो नाही. मी रेनकोट बघत होतो. तो जिना चढताना दोनदा थांबायचा, ते मी आळस म्हणून सोडून दिलं. वहिनींना विचारून मी रेनकोट घरी आणला. मिलिंद माझ्यापेक्षा वीतभर उंच, पँट खालून दुमडावी लागली.

मागच्या आठवड्यात एकटाच निघालो. बायको म्हणाली, "एकट्याने काय जाताय?" मी म्हटलं, एकटा नाही, सरकारी कामाला चाललोय. त्या कोऱ्या जागेचं काम माझ्याकडे आलं होतं. ताम्हिणीत पावसाने झोडपून काढलं. जिथून परत फिरलो होतो त्या वळणावर आता टपरी नाही. मी थांबलो, हेल्मेटची काच वर केली आणि त्याला जे तोंडावर बोलायचं राहिलं होतं ते सगळं मोठ्याने बोललो. ऐकायला कुणी नव्हतं ते बरं झालं. मग खाली उतरलो आणि किनाऱ्याकिनाऱ्याने चौथ्या दिवशी सावंतवाडी गाठली. मुक्कामाच्या खोलीत रेनकोट उतरवून, निघताना मांडीत ठेवलेली वर्तमानपत्राची नवी घडी बाहेर काढली. चार दिवस ती तिथेच होती. ठणठणीत कोरडी.

मिलिंदचा जुना कागद काढला, पेन्सिल घेतली आणि पडताळणीच्या पुढे निरंक लिहायला गेलो. हात थांबला. निरंक लिहिणारा एक तर खोटं बोलतो, नाहीतर आत उतरलेला नसतो... शेवटी लिहिलं : 'रेनकोट : निरंक. चालकाची गळती मोजलेली नाही.' खाली सही केली. परत आल्यावर विश्रांतवाडीला गेलो, मिलिंदच्या कागदाची घडी होती तशी पँटच्या खिशात ठेवली आणि रेनकोट गॅलरीतल्या त्याच खिळ्याला टांगला. वहिनींनी विचारलं, "चहा ठेवू?" मी हो म्हटलं आणि त्याच्या खुर्चीशेजारच्या माझ्या खुर्चीत बसलो.