ताईच्या काळजातली सुई

मी जन्माची संशयी. दूधवाल्यासमोर दूध हुंगते, म्हापशाच्या बाजारात माशाचे कल्ले उघडून बघते, आणि कुणी विनाकारण गोड बोललं की आधी पर्स चाचपते. त्यामुळे मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी स्क्रीनवर ताईच्या हृदयात उभी असलेली सुई दाखवली, तेव्हा मी सुईकडे पाहिलंच नाही. मी भावोजींकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

ताई माझ्याहून मोठी, सुर्ल्याला दिलेली. भावोजी खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर, मूळचे सिंधुदुर्गातले. दसऱ्यानंतर तिच्या छातीत टोचायला लागलं. डाव्या कुशीवर निजता येईना. गावातल्या डॉक्टरांनी गॅस म्हणून गोळ्या दिल्या, सासूने ओवा दिला. शेवटी ती जिन्यात चक्कर येऊन पडली आणि इथवर आली.

स्क्रीनवर ती बारीक रेघ हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मान हलवत होती. डॉक्टर म्हणाले, सुई हृदयाच्या भिंतीत रुतली आहे, टोक आत पोकळीत आहे. आत आणखी सरकली किंवा भिंत फाटली तर रक्त साचून हृदय दाबलं जाईल. छाती उघडून काढावीच लागेल, आणि लवकर. मग त्यांनी चष्मा काढला आणि सरळ विचारलं, "पण ही तिथं गेली कशी?"

घरात उंदीर मेला तरी चार घरांना ऐकू जाईल असं बोलणारी माझी ताईसुद्धा गप्प!

संध्याकाळपर्यंत बातमी सुर्ल्याला पोचली आणि तिथल्या बायकांनी निकाल देऊन टाकला: करणी. कुणीतरी लिंबाला सुया टोचल्या, त्यातली एक हिला लागली. माझा करणीवर विश्वास नाही. माणसांवर त्याहून नाही. सुई आपल्या पायांनी चालत काळजात जात नाही, कुणाचा तरी हात लागतो. आणि बंद दाराआड हात कुणाचा असतो, हे काय मला कुणी शिकवायला हवं?

त्यात भावोजींनी स्वतःच माझ्या हाती कोलीत दिलं. डॉक्टर ऑपरेशनची तयारी करायची म्हणत होते आणि हे म्हणाले, "आधी देवाक कौल लावून येतंय. मगे काय ता करूया."

बायकोच्या काळजात सुई आणि हा माणूस देवाला तांदूळ चिकटवून उजवा पडतो की डावा ते बघायला गावी निघाला! माझं डोकंच फिरलं. त्याहून राग आला ताईचा. "ते येवंदेत. तवसर माका कोणी हात लावू नकात," ती म्हणाली. मला वाटलं, ही एवढी दबलेली आहे की मरायलासुद्धा नवऱ्याची परवानगी मागेल.

भावोजी गेल्यावर डॉक्टरांनी मला बाहेर काढलं आणि ताईशी एकटीशी बोलले. बाहेर आले तेव्हा चेहरा बदललेला. भावोजी परतल्यावर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बोलायला लागले. म्हणजे डॉक्टरही फितूर. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन इब्रामपूरला माहेरी आईला फोन लावला आणि सांगून टाकलं, "ह्या मनशाचा काम हा. माझा मन सांगता."

कौल उजवा पडला होता. ऑपरेशन झालं. आम्ही दोघं एका बाकाच्या दोन टोकांना बसलो होतो. मधे त्यांनी मला चहा आणून दिला, मी तो तसाच ठेवला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, सुई निघाली. छातीचं हाड कापलं, धडधडत्या हृदयावर बोटाने चाचपून जागा शोधली, सुईच्या भोवती आधी टाके घातले आणि मग ती ओढून घेतली. भावोजी भिंतीकडे तोंड करून रडले. मी मनात म्हटलं, नाटक.

ताई वॉर्डात आली, घोटभर पेज पोटात जायला लागली, तशी मी तिच्या कानाशी लागले. "आता तरी सांग. नाय तर मी सरळ पोलिसांत जातंय."

तिने माझं मनगट धरलं. अंगात ताकद नव्हती, तरी दुखेल असं धरलं.

"पोलिसांत गेलंस तर ता आवशीच्या कानार जातला," ती म्हणाली. "सुई माझ्याच पोलक्याक होती गो."

मग थांबत थांबत तिने सांगितलं. नवरात्रात ती माहेरी होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी निघताना देवघरासाठी झेंडूच्या माळा ओवत होती. बसचा हॉर्न ऐकू आला, तशी तिने दोरा तोडून सुई पोलक्याला छातीशी टोचली. आम्ही सगळ्याच टोचतो, हात मोकळे करायची आमची तीच जागा. आईने घाईघाईत ओटी भरली, आणि दरवेळी धरते तसं तिला पोटाशी धरलं. आमची आई धरते म्हणजे बरगड्या वाजतात. ताईला कळ आली. बसमध्ये पोलकं चाचपलं तर सुई नव्हती. तिला वाटलं, पडली वाटेत.

"डॉक्टरांनी फोटो दाखवलो तेवाच समाजला. तू भायर गेलंस तेवा त्येंका सांगलंय, मगे डॉक्टरांक सांगलंय. त्येंका शपथ घातलंय, आवशीक कळता नये. कौल त्याचसाठी लावलो, ही गोष्ट लपवू काय म्हणान. तवसर कोणाक हात लावूक दिलंय नाय."

आईला कळलं असतं तर? तिने स्वतःला क्षमा केली नसती. त्याहून वाईट म्हणजे, तिने पुन्हा कुणाला जवळ घेतलं नसतं. नातवंडांनासुद्धा नाही. हे ताईला कळलं, त्या ट्रकवाल्याला कळलं. मला लाज वाटली आणि रागही आला, की घरात एवढं मोठं गुपित चाललं होतं आणि नेमकी मीच बाहेर.

हाड जुळल्यावर ताई चार दिवस माहेरी आली. भावोजी पोचवायला आले होते. आईने ताईला चहा दिला, मला दिला. भावोजी पडवीत बसले होते, त्यांच्याकडे कप गेला नाही. मी उठले, तर आईने मला ओढून स्वयंपाकघरात नेलं. तिचं कुजबुजणं पडवीपर्यंत ऐकू जातं.

"खरां सांग, त्येनाच मां?"

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. दारातून भावोजी दिसत होते. मान खाली, पण कान इकडे.

"म्हायत नाय गो आई," मी म्हटलं.

"तू फोनार म्हणालंस ता खराच. त्या मनशार डोळो ठेव तू."

"ठेवतंय," मी म्हटलं, पडवीत ऐकू जाईल असं.

भावोजींनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि सुटकेचा श्वास सोडला.