आखूड पातं

शीडवाल्या बाई बोलायच्या आपल्याशी, पण नजर असायची पलीकडच्या गच्चीत वाळणाऱ्या कपड्यांवर. कपडे फडफडू लागले की त्या अर्ध्या वाक्यात उठायच्या. "वारं सुटलं की ओ!" म्हणत जिना उतरायच्या. जुळे सोलापुरात आम्ही एकाच इमारतीत राहायचो. बाई मूळच्या मंद्रूपच्या, शाळेतून खेळाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. तरुणपणी एका शिबिरात त्या शिडाच्या फळीवर उभं राहून पाण्यावर पळायला शिकल्या होत्या. पुढे जुनी फळी विकत घेऊन गावाबाहेरच्या तलावावर त्यांनी तो नाद एकटीने चालू ठेवला. "काठावर माणूस असल्याबिगर पाण्यात जायचं न्हाय," हा त्यांचा नियम. तो काठावरचा माणूस म्हणजे मी.

एका उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि तलावात पाणगवत माजलं. फळीच्या पोटाखाली माशाच्या परासारखं एक पातं असतं. फळी सरळ जाते ती त्याच्या जोरावर. त्या लांब पात्यात गवत अडकलं, धावती फळी जागीच थांबली आणि बाई पुढे फेकल्या गेल्या. खांदा निखळला. पुण्याहून मुलगी आली. "आई, आता बास," म्हणून रडली. पण खांदा बरा झाल्यावर त्यांनी मला वर बोलावलं. गॅलरीत स्टुलावर ते पातं काढून ठेवलेलं होतं.

"आखूड करायचं आणि मागं कलतं करायचं. गवत घसरून जाईल."

तसलं दुसरं पातं मिळण्यासारखं नव्हतं. कमी कापलं तर गवत पुन्हा अडकणार, जास्त कापलं तर पाण्यात पकड राहणार नाही. पुठ्ठ्याचा आकार ठेवून बाईंनी पेन्सिल फिरवली, पुसली, पुन्हा फिरवली. फायबरची धूळ उडू नये म्हणून मी पाणी सोडत होतो, त्या करवत चालवत होत्या. मी काही विचारलं तर म्हणाल्या, "गप धरा. कापलेलं परत चिकटत न्हाय." तेवढ्यात कट्‌ आवाज झाला आणि कडेचा एक थर सुटला. बाईंचा हात थांबला. मग रेघ आणखी आत घेतली आणि पुन्हा करवत लावली. पुढे कित्येक दिवस त्या कानशीने कडा घासत होत्या.

बाई पाण्यात उतरल्या तेव्हा वारा जोरात होता. फळी गवतावरून सरळ पार झाली. मी टाळ्या वाजवल्या. पण तलावाच्या मध्यावर वाऱ्याचा झोत आला, फळीची शेपूट आडवी घसरली आणि बाई पाण्यात पडल्या. शीड भिजून जड झालेलं, उचलेना. अंगात तरंगायचं जॅकेट होतं, पण वारा त्यांना सांडव्याच्या दगडांकडे ढकलत होता. मी बांधावरून पळत सुटलो. शेळ्या राखणारी एक बाई ओरडली, "आवं, उडी घाला की! नुसतं पळताय काय?"

दगड अगदी जवळ आले तेव्हा कुठे शीड उभं राहिलं. बाई लांबलांब वळणं घेत परत आल्या.

"लई कापलं गेलं," त्या म्हणाल्या. "आता मागचा पाय रेटायचा न्हाय, न्हायतर शेपूट घसरती. नव्यानं शिकायचं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमाला पवता येतं न्हवं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"इचारलंच न्हाय की मी कदी!" त्या मटकन खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दार वाजलं. "चला. आदी तुम्ही पाण्यात, मग मी." माझ्या पन्नाशीत बाईंनी मला पोहायला शिकवलं. तोवर फळीला हात लावला नाही. नंतर त्या आखूड पात्यावर बाई दोन वर्षं हिंडल्या.

एका संध्याकाळी त्या पुन्हा पडल्या आणि खांद्याने साथ सोडली. जॅकेट चढवून मी पोहत गेलो. बाईंनी शिडाची दोरी घट्ट धरली होती. "सोडा ती," मी म्हणालो. त्यांनी एकदा शिडाकडे बघितलं, दोरी सोडली आणि माझा खांदा धरला. तसंच पोहत मी त्यांना काठावर आणलं.

त्यानंतर मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली.