वंदनाताईंच्या वाकळेची उघडी बाजू

किस्से रिकामटेकड्या बायकांकडे जमतात, असं आमचे हे म्हणतात. चूक! किस्से जमतात ते कामं अर्धी सोडणाऱ्या बायकांकडे. आम्ही नांदेडच्या एकाच कॉलनीतल्या चौघी. आमच्या ट्रंकांत अर्धवट वाकळा इतक्या, की एक बाहेर ओढली की तिच्यामागून किस्सा आलाच म्हणून समजा.

मी मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाले. शाळा सुटली, शिस्त सुटली नाही. एका शनिवारी सगळ्यांना ट्रंका उघडायला लावल्या, दर शनिवारी माझ्या घरी शिवायला बसायचं ठरवलं अन् भिंतीवर तक्ता लावला. नाव, वाकळ कधी सुरू केली, कधी पुरी करणार.

मंगल आमच्यात सगळ्यात लहान, माहेर अर्धापूरचं. तिची वाकळ म्हणे तिच्या रुखवतात मांडायची होती. पोरगा आता इंजिनिअरिंगला!

"मग मांडली का न्हाई?" मी विचारलं.

"सुनेच्या रुखवतात मांडू की, मॅडम!"

मी तिच्यापुढं लिहिलं, दहा दिवस.

*

नवव्या दिवशी मंगलचा नवरा माझ्या फाटकाशी उभा. अंगात नुसती बनियन.

"मॅडम, माझा इस्त्रीचा शर्ट तुमच्या टार्गेटात गेला! ठिगळं कमी पडली म्हणून हिनं कापला. उद्या साखरपुड्याला मी काय घालून जाऊ?"

"वाकळ पांघरून जा," मी म्हणाले. "शर्ट त्यातच हाय!"

माणूस आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. पण वाकळ पुरी झाली. मी तक्त्यावर लाल पेनानं बरोबरची खूण केली अन् मला लई बरं वाटलं.

*

खूण होत नव्हती ती वंदनाताईंच्या नावापुढं.

वंदनाताई पोस्टात आहेत. "जयभीम, मॅडम" म्हणत वेळेवर येणार, चटईवर बसणार, पिशवीतून वाकळ काढणार. बाळाची वाकळ, हातभर. जुन्या सुती साड्यांची, इतकी मऊ की हात फिरवतच राहावं. तिन्ही बाजू शिवलेल्या, चौथीची एक वीत उघडी. तासाभराचं काम! अन् बाई सुईत दोरासुद्धा ओवायच्या नाहीत. मांडीवर घेऊन बसायच्या, घडी करून घरी न्यायच्या.

त्यांची लेक अश्विनी बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा लागलेला. तिसऱ्या शनिवारी माझा पारा चढला.

"वंदनाताई, तारीख सांगा. बाळ काय तुमच्या वाकळेसाठी थांबणार हाय का?"

त्या वाकळेची घडी घालायला लागल्या.

"तुम्हाला ही पुरी करायचीच न्हाई!" मी म्हणाले.

"हाव. न्हाई करायची."

शेजारी आमच्यातल्या चौथ्या, शकिलाआपा; त्यांनी मला कोपरानं ढोसलं. पण चाळीस वर्षं पोरांना दटावलेली जीभ, ती कुठं ऐकते? मी त्यांच्या नावापुढं लाल पेनानं गोल काढला. त्यांच्या देखत!

*

पुढच्या शनिवारी वंदनाताईंचा फोन वाजला. अश्विनीच्या पोटात दुखून राहिलं होतं. बाई चपला उलट्यासुलट्या घालून पळाल्या, पिशवी चटईवरच राहिली.

मंगल म्हणाली, "एक वीत तर हाय. शिवून टाकू का? खूश होतील!"

खरं सांगते, मला वंदनाताईंच्या खुशीपेक्षा तक्त्याची पडली होती. शकिलाआपा ब्लाऊज शिवतात, त्यांचा हात मशीनसारखा सरळ. तिघींनी मिळून ती वीत अर्ध्या तासात पुरी केली. मी खूण केली.

तेवढ्यात अश्विनीचा फोन. "काकू, काही न्हाई, उगीच दुखलं होतं. आई पिशवी न्यायला येऊन राहिली, रिक्षात बसलीय." मग आवाज बारीक करून म्हणाली, "काकू, तिला वाकळेचं काही बोलू नका ना. दोनदा तिनं आधी वाकळ पुरी केली, अन् दोनदा आम्ही दवाखान्यातून रिकाम्या हातानं आलो. ही तिसरी वाकळ. तीन वर्षं झाली, एक बाजू उघडीच ठेवलीय. मी असलं काही मानत न्हाई म्हणते, पण शिवतबी न्हाई."

मी दोघींना सांगितलं. मंगल रडायलाच लागली.

"रोना बाद में!" शकिलाआपा ओरडल्या. "ब्लेड दे!"

तिघी त्या एका वितीवर वाकलो. शिवताना सरळ आलेला दोरा उसवताना निघता निघेना. रडून रडून मंगलला टाका दिसेना, तिच्या हातातून मी ब्लेड काढून घेतलं. रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हा तीन टाके राहिले होते. शकिलाआपांनी ते दातानं तोडले. मी पळत जाऊन अख्खा तक्ता भिंतीवरून फाडला.

वंदनाताई आल्या, पिशवी उचलली. "चहा?" मी विचारलं.

"नको, अश्विनी एकटी हाय," म्हणाल्या अन् गेल्या.

*

अन् हा दवाखान्यातला किस्सा.

दुपारी बारापासून आम्ही चौघी बाकावर. अश्विनीला आत नेऊन तीन तास झालेले. शकिलाआपांचे ओठ हलत होते. मंगल बाटलीतलं पाणी प्यायची अन् परत भरून आणायची. काही वाईट झालं, तर या बाईला तोंड कसं दाखवू? हातून झालेलं सांगू तरी कसं? वंदनाताई पिशवी मांडीवर घेऊन दाराकडं बघत होत्या.

दार उघडलं. सिस्टर.

"अश्विनीची आई कोण? वजन करून आणते, तोवर बाळासाठी घरचं कापड काढून ठेवा."

वंदनाताई उठल्या नाहीत. "बाळ... रडलं का?"

"ऐकू येत न्हाई का, मावशी? अख्खा वॉर्ड डोक्यावर घेऊन राहिलीय तुमची नात!"

सिस्टर आत गेली. वंदनाताईंनी पदरानं तोंड पुसलं. पिशवी उघडली, वाकळ काढली अन् आमच्या तिघींच्या मांडीवर पसरली. उघड्या बाजूला आम्ही उसवलेल्या टाक्यांची भोकं तशीच दिसत होती, अन् तिथंच तीन सुया टोचलेल्या होत्या. तिन्हींत दोरा ओवलेला.

"बघत काय बसल्या?" वंदनाताई म्हणाल्या. "ज्यांनी उसवली, त्यांनीच शिवा!"